बाई, आम्ही मैदानाचं तोंड फिरवलं

बाई, तुम्हाला जाऊन आता खूप वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं मला आईच्या फोनवरून कळलं. तेव्हा मला सिंगापूरला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मी ऑफिस सुटल्यावर बसच्या रांगेत उभी होते. आई एवढंच म्हणाली, "तुमच्या खेळाच्या बाई गेल्या गं." मग बस आली, मी चढले, खिडकीपाशी बसले आणि माझा स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे उतरले. त्या दिवशी तुम्हाला काही लिहावं असं सुचलं नाही. आज सुचतंय, कारण आज तुम्हाला सांगण्यासारखी बातमी आहे. इथे शहराच्या अगदी मध्याला लागून बेसबॉलचं नवीन स्टेडियम होणार आहे, आणि त्याची जागा ठरवणाऱ्या माणसांत तुमच्या टीममधली, थर्ड बेसवर उभी राहणारी, सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी होती.

तुम्ही म्हणाल, सिंगापुरात बेसबॉल कोण खेळतं? फार लोक नाही खेळत. इथे फुटबॉल, बॅडमिंटन, आणि शनिवार-रविवारी आपली क्रिकेटवेडी मंडळी. पण काही शाळांत सॉफ्टबॉल आहे, थोडे बेसबॉलचे क्लब आहेत, जपानी आणि तैवानी घरांतली मुलं आहेत, आणि एक हट्टी म्हातारे गृहस्थ आहेत. मूळचे तैवानचे, चाळीस वर्षं इथे राहिलेले, धंद्यात स्थिरावलेले. लहानपणी ते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते. या शहरात बेसबॉलचं एक नीट मैदान व्हावं, तेही कुठेतरी टोकाला नाही, तर लोक ऑफिसातून चालत येतील अशा जागी, हे त्यांनी मनावर घेतलं. मी ज्या कन्सल्टन्सीत काम करते तिथे आम्ही हेच करतो. कुणाला शाळा बांधायची असते, कुणाला बसचा डेपो, कुणाला दवाखाना. कुठली जागा बरी ते आम्ही बघून सांगायचं. जमीन सरकारची, शेवटचा शब्दही त्यांचाच, पण आधी कुणीतरी उन्हातान्हात हिंडून अहवाल लिहावा लागतो.

आमचे बॉस इथलेच, चायनीज, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. काम आलं त्या दिवशी जेवायच्या टेबलावर त्यांनी विचारलं, "बेसबॉल कुणाला कळतं?" सगळे आपापल्या नूडल्सकडे बघू लागले. मी भाजीपोळीचा डबा उघडत म्हणाले, "मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे." बाई, सगळ्यांच्या चॉपस्टिक अशा हवेतच थांबल्या की मला वाटलं आपण काहीतरी वावगं बोललो. इतकी वर्षं ही माणसं मला ओळखतात. बिशानला राहणारी, चष्मा लावणारी, तक्ते नीटनेटके करणारी, मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसणारी बाई. बॉस म्हणाले, "तू? कुठे उभी राहायचीस?" मी म्हणाले, "थर्ड बेस." "वाह," ते म्हणाले, "मग हे काम तूच घे, लाह." इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी असा 'लाह' नाहीतर 'आह' येतोच.

आणि संध्याकाळी क्वीन्सटाउनच्या ऑफिसातून घरी येताना, एमआरटीत म्हणजे इथल्या मेट्रोत उभी असताना, मला गोणपाटाचा वास आला. खरंच आला. तुम्ही जळगावला आमच्या शाळेत पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या खांद्यावर जे पोतं होतं त्याचा. त्यात एक बॅट, दोन ग्लोव्ह आणि सहा चेंडू होते. तुम्ही गुलबक्षी रंगाची सुती साडी नेसला होता, पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या गोफाची शिट्टी. आम्ही आठवीतल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसलो. साडीवर बूट! तुम्ही हसू दिलंत. मग शिट्टी वाजवलीत, आणि त्यानंतर कुणी हसलं असेल तर मला आठवत नाही.

शाळेचं पटांगण प्रार्थनेपुरतं होतं. मुख्याध्यापिकाबाई तुम्हाला म्हणाल्या, जागा शोधा, मी परवानगीचं बघते. मग तुम्ही आम्हा बारा जणींना घेऊन जागा शोधायला निघालात. आज मी ज्याला साइट सिलेक्शन म्हणते ते मी आयुष्यात पहिल्यांदा केलं ते तुमच्या मागून चालत, घामेजलेल्या गणवेशात. तीन जागा होत्या. एक जिनिंगच्या मागे, तिथे सरकीचे ढीग. दुसरी नगरपालिकेच्या बागेला लागून, कडुनिंबांची सावली, बसायला पार, शेजारी रसवंती. तिसरी रेल्वेच्या गोदामामागचं उजाड रान. तुम्ही विचारलंत, "कुठली घ्यायची?" मी सगळ्यांच्या आधी म्हणाले, "बाई, बागेजवळची. किती छान आहे!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "छान कोणाला? बघणाऱ्याला की खेळणाऱ्याला?" मी बाहीने घाम पुसू लागले. "उद्या पाच वाजता सांग," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तुम्ही आम्हाला बागेजवळच्या जागेत नेलंत, जिथे उभं राहून बॅट चालवावी लागेल तिथे एकेकीला उभं केलंत आणि समोर बघायला सांगितलंत. समोर जळगावचा मावळता सूर्य. पाच मिनिटांत आमचे डोळे मिटले, नाकातून पाणी आलं. भिंत आणि झाडं अशी होती की मैदान दुसरीकडे फिरवायला जागाच नव्हती. "डोळे मिटले की जागा नापास," तुम्ही म्हणालात. तसं तुम्ही आम्हाला तिन्ही जागी पाच वाजता उभं केलंत. शेवटी गोदामामागचं रान पास झालं, कारण ते चारी बाजूंनी मोकळं होतं आणि मैदान हवं तसं वळवता येत होतं. आम्ही आठवडाभर दगड वेचले. मग तुम्ही फक्कीने रेघा मारल्यात, आणि पहिली रेघ मारायच्या आधी गोदामाच्या सावलीकडे बघत कितीतरी वेळ उभ्या राहिलात.

इथे सिंगापुरातही आमच्याकडे सुरुवातीला तीन जागा होत्या, पण एक लवकरच गळाली. राहिल्या दोन. पहिली खाडीकाठची. बाई, ती जागा तुम्ही बघायला हवी होती. पाण्याला लागून लांबट हिरवा पट्टा, आणि पश्चिमेला समोर शहराचे सगळे उंच टॉवर ओळीने उभे. फोटो काढला की कुणीही 'व्वा' म्हणावं. म्हाताऱ्या गृहस्थांच्या ऑफिसातला एक तरुण मॅनेजर त्या जागेच्या प्रेमातच पडला होता. त्याने चित्र करून आणलं होतं: होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, इकडे, प्रेक्षक त्याच्या मागे, आणि समोर आउटफिल्डच्या पलीकडे ते टॉवर. टीव्हीवर काय दिसेल, असं तो पुनःपुन्हा म्हणायचा. दुसरी जागा आतल्या बाजूची, जुन्या एचडीबी ब्लॉकांच्या, म्हणजे सरकारी सदनिकांच्या इमारतींच्या, कुशीत. एक उघडा कारपार्क, पाडलेल्या मार्केटची रिकामी जमीन, रेन ट्रीची चार डेरेदार झाडं, जवळजवळ चौकोनी. एमआरटीपासून चालत चार मिनिटं. तिचा फोटो काढला की फक्त कारपार्क दिसायचा.

बॉसनी मला सांगितलं होतं, "क्लायंटच्या लोकांना खाडीकाठची हवी आहे. बाकी सगळं ठीक दिसतंय. तू फक्त अहवाल नीट बांध." आणि खरंच, कागदावर तीच जागा वरचढ होती. मी अहवाल बांधायला घेतला. दिशेचा कोन लिहिताना माझा हात थांबला. होम प्लेट पूर्वेला, बॅटरचं तोंड पश्चिमेला. मी नकाशा गरागरा फिरवून बघितला. पट्टा अरुंद होता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता. मैदान दुसरीकडे वळवलं की आउटफिल्ड तोकडं पडत होतं. आणि माझ्या डोक्यात तुमचा आवाज आला, शिट्टीसकट.

शनिवारी मी लेकीला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तरं मात्र तिच्या भाषेत येतात. खाडीकाठच्या गवतावर मी तिच्या हातात बॅट दिली आणि माझ्याजवळ टेनिसचे चेंडू ठेवले. सव्वासहा वाजले होते. इथे सूर्य सातला मावळतो, आणि त्याआधी बराच वेळ तो त्या टॉवरांच्या डोक्यावर, नेमका चेंडूच्या उंचीवर येऊन बसतो. शिवाय काचेच्या भिंतींवरून त्याचे आणखी चार सूर्य होतात. लेक म्हणाली, "मा, सो हॉट लाह. आपण इथे का उभ्या आहोत?" मी म्हटलं, "समोर बघ आणि मार." मी खालून हात फिरवून चेंडू टाकला. ती शाळेत टेनिस खेळायची, नजर चांगली आहे तिची. पहिला चेंडू तिच्या कानाजवळून गेला. दुसरा तिच्या गुडघ्याला लागला. तिसऱ्याच्या वेळी तिने चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आधीच बॅट फिरवली. एक वयस्क वॉचमन, तमिळ गृहस्थ, चौकशी करायला आले, परवानगीचा कागद बघितला आणि मग जाईचनात. चेंडू वेचून देऊ लागले. मी फोन एका पिशवीला टेकवून सगळं चित्रित करत होते. बारापैकी अकरा चेंडू चुकले. बारावा लागला तो बॅटच्या मुठीला. लेक डोळे पुसत म्हणाली, "मा, कॅनॉट सी एनिथिंग!" बाई, मला इतका आनंद झाला की मी तिला तिथेच मिठी मारली. ती म्हणाली, मला चेंडू लागल्याचा एवढा आनंद?

पण दुसऱ्या जागेचं दुखणं वेगळं होतं. तिथे माणसं राहत होती, आणि त्यांना स्टेडियम नको होतं. त्यांच्या वतीने बोलायच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या एक आंटी. सत्तरी ओलांडलेल्या, आखूड केस, फुलाफुलांचा ब्लाउज, बोलणं तडातडा. पहिल्या दिवशी मी नकाशा घेऊन गेले तर त्यांनी नकाशाकडे बघितलंही नाही. "स्टेडियम? दिवे माझ्या बेडरूममध्ये येणार, लाह. झोपायचं कसं? आरडाओरडा कोण ऐकणार? तू?" मी दिव्यांबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं.

त्या दारासमोर उभी असताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. नागपूरच्या स्पर्धेला मुलींना न्यायचं होतं आणि माझे वडील ठाम नाही म्हणाले होते. तुम्ही घरी आलात. मी दाराआड. वाटलं, आता तुम्ही वडिलांशी वाद घालणार. तुम्ही वडिलांना नमस्कार केलात आणि सरळ आत आलात. आई मेथी निवडत बसली होती. तुम्ही समोर बसकण मारलीत, एक जुडी ओढून घेतलीत आणि निवडू लागलात. तासभर तुम्ही दोघी बोलत होता, नागपूरचा विषयही नाही. आईची कंबर, तुमचं खोलीवर एकटीने राहणं, कळण्याच्या भाकरीचं पीठ कुठे चांगलं मिळतं. उठताना आईच म्हणाली, "पोरींना झोपायला कुठे ठेवाल हो नागपूरला?" तुम्ही सांगितलंत. "आणि त्यांच्याजवळ कोण?" "मी. दाराला पाठ लावून झोपेन." रात्रीच्या जेवणाला आईने वडिलांना फक्त एवढं सांगितलं की पोरगी जातेय. मी गेले.

म्हणून पुढच्या खेपेला मी नकाशा नेलाच नाही. आंटी ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी तौगेची शेपटं खुडत बसल्या होत्या. तौगे म्हणजे आपल्या मोडाच्या मुगाचाच लांबोळका भाऊ. मी समोर बसले, मूठभर ओढून घेतले आणि खुडू लागले. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. "इतकं नाही तोडायचं," त्या म्हणाल्या. "फक्त शेपूट." तिसऱ्या संध्याकाळी मला कळलं की दिवे हे त्यांचं दुसरं कारण आहे. पहिलं कारण त्या कुणाला सांगत नव्हत्या, कारण ते त्यांना फार लहान वाटत होतं. कारपार्कच्या कोपऱ्यात, रेन ट्रीखाली, त्या आणि ब्लॉकातल्या दहा-बारा जणी रोज सकाळी व्यायाम करतात. नवरा गेल्यावर वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या; त्या बायकांनी त्यांना ओढून तिथे नेलं होतं. आणि तिथूनच जी पायवाट जाते ती धरून त्या हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीला, आणि एमआरटीला जातात. "भिंत आली की मला वळसा," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे बघितलेस?" मी त्या संध्याकाळी ऑफिसात परत गेले आणि नकाशावर मैदान थोडं थोडं फिरवत बसले. जागा चौकोनी होती, फिरत होतं. होम प्लेट नैर्ऋत्येला ठेवली की बॅटरचं तोंड ईशान्येकडे, सूर्य त्याच्या डाव्या खांद्यामागे, आणि वरच्या कोपऱ्यात चारही झाडं कुंपणाबाहेर राहत होती. पायवाट आउटफिल्डच्या कडेने तशीच जात होती, सामना असो वा नसो.

मग मीटिंगचा दिवस. म्हातारे गृहस्थ टेबलाच्या टोकाला, शेजारी तो मॅनेजर, इकडे बॉस, आणि कोपऱ्यात मी. मॅनेजरने खाडीकाठचं चित्र पडद्यावर लावलं. मावळतीच्या केशरी उजेडात न्हालेलं मैदान! सगळे माना डोलावत होते. बॉसनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच. इतक्या वर्षांत मी क्लायंटसमोर बॉसच्या म्हणण्याच्या विरुद्ध कधी बोलले नव्हते. वाटलं, अहवालात लिहिलं आहे, कुणीतरी वाचेलच.

आणि मला भुसावळच्या टीमविरुद्धचा सामना आठवला. चेंडू उंच उडाला, माझ्या आणि शेजारच्या मुलीच्या बरोबर मधे. दोघी वर बघत उभ्या राहिलो आणि चेंडू आमच्यामधे धप्पकन पडला. आम्ही हरलो. तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, "चेंडू कुणाचा होता?" "माझा." "मग ओरडली का नाहीस?" "मला वाटलं, ती घेईल." "तुला वाटेपर्यंत चेंडू खाली आला," तुम्ही म्हणालात. "जो तुझा आहे तो मोठ्याने माग." मग तुम्ही मला मैदानाच्या मधोमध उभं करून वीस वेळा 'माझा' असं ओरडायला लावलंत. गोदामातले हमाल काम थांबवून बघत होते. विसाव्या वेळी तेही ओरडले.

मी उभी राहिले. खुर्ची मागे घसरून भिंतीला आपटली. म्हणाले, "या चित्रातला उजेड सुंदर आहे. तो बॅटरच्या डोळ्यांत आहे." मॅनेजर हसून म्हणाला, "मोठे सामने साडेसातला, दिव्याखाली असतील." मी म्हणाले, "मोठे सामने महिन्यातून चार. शाळांचे सामने रोज, चार ते सात. आपण हे मैदान खेळणाऱ्यासाठी निवडतोय की बघणाऱ्यासाठी?" आणि फोनवरचा व्हिडिओ पडद्यावर लावला. लेक पहिला चेंडू चुकली, दुसरा गुडघ्याला, तिसऱ्याला ती हवेतच बॅट फिरवते, मागे वॉचमन पळताहेत. खोली हसून हसून लोळली. बॉससुद्धा. फक्त म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वाजता काढला हा?" "सव्वासहाला." त्यांनी घड्याळ बघितलं. "आत्ता पाच वाजलेत. चला."

बाई, सहा वाजता आम्ही खाडीकाठी होतो. म्हातारे गृहस्थ चकचकीत काळ्या बुटांत, कोट मॅनेजरकडे, हातात माझी बॅट. मी चेंडू टाकत होते, बॉस मागे ओंजळ पसरून कॅचर. चार चेंडू चुकले. पाचवा त्यांच्या खांद्याला लागला. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी बॅट खाली टेकवली, हाताने कपाळावर आडोसा केला आणि त्या सूर्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग हसायलाच लागले, अगदी खांदे हलवून. "आमच्या गावच्या मैदानावर संध्याकाळी मी एकामागून एक बॅटर बाद करायचो," ते म्हणाले. "साठ वर्षं वाटत होतं, मी काय पिचर होतो! सूर्य होता तो." मग त्यांनी विचारलं, असं उभं राहून बघायला तुला कुणी शिकवलं? मी म्हणाले, शाळेतल्या माझ्या बाईंनी.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी आम्ही कारपार्कमध्ये. ईशान्येकडे तोंड, ऊन पाठीशी, समोर मऊ उजेडात आंटींचा ब्लॉक. पहिलाच चेंडू म्हाताऱ्या गृहस्थांनी असा मारला की तो रेन ट्रीच्या शेंड्यात जाऊन अडकला. वरून टाळ्या. तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात आंटी उभ्या होत्या, कठड्यावर वाळत घातलेल्या टॉवेलांमधून डोकं काढून. "अंकल, वन मोर!" मी त्यांना खालूनच ओरडून सांगितलं की स्टेडियम झालं की त्यांना इथून अर्धं मैदान दिसेल. त्यांनी मधला टॉवेल बाजूला सारला. "फुकट आह?"

त्यानंतरही सगळं सरळ झालं नाही. रहिवाशांच्या तीन बैठका झाल्या. दिव्यांना झापडं लावायची, दहाच्या आत विझवायचे, ढोल-भोंगे नाहीत, हे लिहून दिलं. पायवाट आणि झाडांखालचा कोपरा नकाशात पक्का केला. शेवटच्या बैठकीत एक गृहस्थ तावातावाने बोलायला उठले तर आंटी उठल्या आणि म्हणाल्या, "ही बाई तौगे नीट खुडते. मी बघितलंय. तिचं ऐकून घ्या." गेल्या आठवड्यात सरकारकडून तत्त्वतः मान्यतेचं पत्र आलं. बॉसनी ऑफिसात ते मोठ्याने वाचलं आणि मग सगळ्यांसमोर मला विचारलं, आता पुढच्या मीटिंगला कोपऱ्यात बसणार का? मी म्हणाले, कोपऱ्यातून सगळे नीट दिसतात. पण बसले टेबलाशी.

परवा म्हातारे गृहस्थ आम्हाला जेवायला घेऊन गेले, तिथल्याच हॉकर सेंटरला. पंखा डोक्यावर, समोर उसाचा रस, आंटींनी आमच्यासाठी टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरलेलं. लेकही होती. गृहस्थ तुमच्याबद्दल विचारत होते. साडीवर बूट, पोतं, पाच वाजता मुलींना उन्हात उभं करणं. प्रत्येक गोष्टीला ते टेबलावर थाप मारून दाद देत होते. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "आणि त्यांना हा खेळ कुणी शिकवला? त्या काळी, त्या गावात, एका बाईला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि बाई, मी सरळ ठोकून दिलं. म्हणाले, त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांना महायुद्धाच्या वेळी एका अमेरिकन सैनिकाने स्टेशनामागच्या मैदानात शिकवला, आणि वडिलांनी मुलीला. गृहस्थांचे डोळे भरून आले. ते आता भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटलेत, आणि काल त्यांच्या मॅनेजरचा फोन आला की उद्घाटनाच्या पुस्तिकेत ती छापायची आहे, गार्डसाहेबांचा एखादा फोटो मिळेल का. लेक तेव्हापासून मला बघितलं की फक्त भुवया उडवते. मी उद्या त्यांना खरं काय ते सांगणार आहे. कसं सांगायचं तेच अजून जुळत नाहीये, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. तुमचे वडील काय करत होते ते मला माहीत नाही. तुम्ही कुठल्या गावच्या, ती बॅट तुमच्या हातात पहिल्यांदा कुणी दिली, तेही माहीत नाही. तीन वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या होता, आणि मी एकदाही विचारलं नाही.